टाळ्या नकोत, ठरावात ओळ हवी

 

आज जरा लांबची गोष्ट सांगायची आहे. पण सुरुवात आपल्या गटाच्या बैठकीपासूनच करू. बैठकीत आपण भरपूर बोलतो. पाण्याचं बोलतो, रेशनचं बोलतो, पोरींच्या शाळेच्या एस.टी.चं बोलतो. महिना उलटला की त्यातलं उरतं काय? जे प्रोसिडिंग वहीत लिहिलं आणि ज्याच्या खाली सह्या-अंगठे झाले, तेवढंच उरतं. बँकेचे साहेब आपलं भाषण मागत नाहीत, ठरावाची प्रत मागतात. बाकी सगळं हवेत जातं.

जगातही अशीच एक मोठी बैठक दरवर्षी भरते. विषय असतो हवामान. पाऊस असा लहरी का झाला, ऊन इतकं का तापतंय, समुद्र का वाढतोय, आणि हे थांबवायला कुठल्या देशाने काय करायचं, यावर तिथे चर्चा होते. तिथे जे ठरतं त्याचे परिणाम सगळ्यांत जास्त काळ कोण भोगणार? आज जी दहा-पंधरा-वीस वर्षांची आहेत, ती मुलं. मग त्या बैठकीत त्यांना जागा आहे का? जागा कशी मिळाली, आणि ती नुसती बसायची जागा आहे की बोललेलं वहीत उतरतं? गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा हा इतिहास आज आपण पाहू.

गोष्ट सुरू होते १९९२ साली. त्या वर्षी जून महिन्यात ब्राझीलच्या रिओ द जानेरो शहरात १७२ देशांची सरकारं जमली होती. त्या मेळाव्याला ‘वसुंधरा परिषद’ म्हणतात. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जो वायू हवेत साठतो त्याने पृथ्वी तापते आहे, हे तोवर शास्त्रज्ञांनी पुरतं सांगितलं होतं. म्हणून देशांनी आपापसात एक करार तयार केला आणि रिओमध्ये त्यावर सह्या करायला सुरुवात केली. आज हवामानाच्या ज्या बैठका होतात त्या सगळ्या याच कराराखाली होतात.

त्या परिषदेत कॅनडाची एक बारा वर्षांची मुलगी बोलली. तिचं नाव सेव्हर्न सुझुकी. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी पर्यावरणासाठी मुलांची एक छोटी संघटना काढली होती. ब्राझीलला जायचे पैसे मुलांनी स्वतः जमवले होते. ती उभी राहिली आणि पुढाऱ्यांना म्हणाली, तुम्हाला मेलेल्या नदीत मासे परत आणता येत नाहीत, नाहीसे झालेले प्राणी परत आणता येत नाहीत; जे दुरुस्त करता येत नाही ते निदान मोडू तरी नका. मुलांना शाळेत शिकवता की भांडू नका, वाटून खा, केलेला पसारा आवरा. मग तुम्ही स्वतः तसं का वागत नाही, असं तिने विचारलं. पाच-सहा मिनिटं सभागृह शांत होतं. मोठमोठी माणसं भारावून गेली. टाळ्या झाल्या.

टाळ्यांबरोबर थोडं कागदावरही उतरलं. रिओमध्ये ‘अजेंडा २१’ नावाचा एक जाडजूड दस्तऐवज मंजूर झाला. त्यातलं २५वं प्रकरण मुलं आणि तरुणांवर आहे. ज्या निर्णयांचा त्यांच्या भविष्यावर परिणाम होतो त्यांत तरुणांना सहभाग मिळाला पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. त्याच दस्तऐवजात समाजातले नऊ गट मानले गेले. त्यांत शेतकरी होते, कामगार होते, आदिवासी होते, तरुण होते आणि आपण स्त्रियाही होतो.

मैत्रिणींनो, १९९२ हे साल आपल्यालाही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या संसदेने ७३वी घटनादुरुस्ती मंजूर केली. २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या केल्या. म्हणजे रिओतल्या पोरीची आणि गावातल्या पंचबाईची वाट साधारण एकाच वेळी सुरू झाली. पुढे दोघींना खाचखळगेही सारखेच लागले.

आता ही जागतिक बैठक चालते कशी ते थोडक्यात समजून घेऊ. करार २१ मार्च १९९४ ला अमलात आला. पहिली बैठक १९९५ साली जर्मनीत बर्लिनला झाली. तेव्हापासून बहुतेक दरवर्षी कुठल्या ना कुठल्या देशात ती भरते. तिला ‘कॉप’ म्हणतात. हा पोलिसांचा कॉप नव्हे! करारावर सह्या केलेल्या सगळ्या पक्षकार देशांची ती परिषद. २००२ साली ती आपल्या दिल्लीतही भरली होती. या करारात सहावं कलम आहे, लोकांना शिक्षण द्यावं, माहिती द्यावी, निर्णयात सहभागी करून घ्यावं असं सांगणारं. त्या कलमावर काय काम करायचं याचा पहिला कार्यक्रम दिल्लीच्याच परिषदेत ठरला.

बैठकीत निर्णय घेतात ते देश. आज १९७ देश आणि युरोपीय संघ असे १९८ पक्षकार आहेत. हात वर करून मतदान होत नाही, सगळ्यांची संमती लागते. कागदावरचा एकेक शब्द रात्र रात्र जागून ठरतो. देशांशिवाय जे येतात ते सगळे ‘निरीक्षक’. संस्था, शास्त्रज्ञ, व्यापारी, कामगार, स्त्रिया, तरुण हे सगळे निरीक्षक. निरीक्षकाने पाहायचं, ऐकायचं. वेळ उरला तर अध्यक्ष बोलायला देतात, तेही दोन-तीन मिनिटं. आणि महत्त्वाची घासाघीस सुरू झाली की पुष्कळदा दार बंद होतं.

गावातलं उदाहरण देतो. सभेला सतरंजीवर बसायला सगळ्यांना मुभा आहे, पण वही ज्याच्या मांडीवर आहे त्याच्याच हातात सगळं. तरुण मुलं बरीच वर्षं त्या सतरंजीवर होती. तीही विखुरलेली. दोन इकडे, चार तिकडे.

२००५ साली कॅनडातल्या माँट्रियाल शहरात अकरावी परिषद भरली. त्या वेळी ठिकठिकाणच्या तरुणांनी ठरवलं की मोठ्यांच्या बैठकीआधी आपली बैठक घ्यायची, आपसात बोलून आपली मागणी एकमुखी करायची, मग आत जायचं. तिथून ‘तरुणांची परिषद’ सुरू झाली. ती आजही मोठ्या परिषदेच्या आधी भरते. हे आपल्याला ओळखीचं वाटेल. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायचा नियम आहे, तो याचसाठी. आधी आपसात बोलून घ्यावं म्हणजे मोठ्या सभेत जीभ अडखळत नाही.

एकत्र आल्याचा फायदा झाला. २००९ साली तरुणांच्या गटाला तात्पुरती मान्यता मिळाली आणि २०११ साली पक्की. त्या गटाला ‘यंगो’ म्हणतात. आता गंमत पाहा, हवामानाच्या याच बैठकीत स्त्रियांच्या गटालाही २००९ लाच तात्पुरती आणि २०११ लाच पक्की मान्यता मिळाली. करार झाला त्याला तोवर एकोणीस वर्षं झाली होती. व्यापाऱ्यांचा गट आणि पर्यावरण संस्थांचा गट मात्र सुरुवातीपासून आत होता. मानाच्या पानावर बायका आणि पोरं शेवटी बसतात, ही रीत फक्त आपल्याच घरची नाही.

मान्यता मिळतानाच्या त्या दोन-तीन वर्षांत मुलांनी काही ठसठशीत प्रश्न विचारले. २००९ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये परिषद होती. मोठ्या अपेक्षा होत्या. तरुणांनी अंगावर एकच वाक्य छापलेले शर्ट घातले होते: २०५० साली तुमचं वय किती असेल? परिषदेतले बडे लोक २०५० सालचे आकडे मांडत होते. त्यांतले बरेच त्या वर्षी नसणार होते. विचारणारे मात्र असणार होते. याहून जास्त काही बोलायची गरज नव्हती.

त्याच परिषदेत सॉलोमन बेटांची सतरा वर्षांची ख्रिस्तिना ओरा बोलली. ती म्हणाली, माझा जन्म १९९२ चा. माझा जन्म झाल्यापासून तुम्ही वाटाघाटीच करता आहात, आता आणखी वेळ हवा असं आम्हाला सांगू नका. सॉलोमन बेटं म्हणजे पॅसिफिक महासागरातला छोटा देश. समुद्र वर चढला तर तिथल्या लोकांना सरकायला जागा उरत नाही. कोपनहेगनची परिषद मात्र ठोस करार न होताच संपली.

दोन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान शहरात अंजली अप्पादुराई तरुणांच्या वतीने बोलली. ती भारतात जन्मलेली, कॅनडात वाढलेली विद्यार्थिनी. जगातले निम्म्याहून जास्त लोक तरुण आहेत, त्यांच्या वतीने मी बोलते आहे, असं तिने सांगितलं. तिचं बोलून झाल्यावर सभा चालवणारे गृहस्थ म्हणाले की व्यक्तिशः मला प्रश्न पडतो, निम्म्या जगाला आपण सगळ्यांत आधी बोलू न देता सगळ्यांत शेवटी का बोलू देतो? प्रश्न अगदी बरोबर होता. पण पुढच्या वर्षीही तरुणांचा नंबर आधी लागला नाही.

इथे आपण थोडं थांबू. मुलांची भाषणं जगभर पाहिली गेली. त्यांचं कौतुक झालं. पण कौतुक आणि अधिकार यांत किती अंतर असतं, हे आपल्या गावांनीही पाहिलं आहे. निवडून आलेली सरपंच ताई, आणि तिच्या खुर्चीवर बसलेला तिचा नवरा. सही ताईची, निर्णय त्याचा. १५ ऑगस्टला हारतुरे ताईला, हिशेबाची वही त्याच्याकडे. तरुणांच्या बाबतीत तेच वेगळ्या रूपाने झालं.

२०१८ साली पोलंडच्या काटोवित्से शहरात स्वीडनची पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग बोलली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती शाळा सोडून आपल्या देशाच्या संसदेसमोर एकटी फलक घेऊन बसली होती. १५ मार्च २०१९ पर्यंत शंभरहून जास्त देशांतली मुलं तिच्यासारखी रस्त्यावर आली, दहा लाखांहून जास्त. मग तिला जिकडेतिकडे बोलावणी येऊ लागली. २०१९ च्या डिसेंबरात स्पेनच्या माद्रिद शहरातल्या परिषदेत ती मंचावर बोलली. आणि त्याच परिषदेत तरुण, आदिवासी आणि स्त्रियांच्या गटांनी सभागृहाबाहेर घोषणा दिल्या, तेव्हा सुमारे दोनशे जणांना आवाराबाहेर काढण्यात आलं. एकीला मंच, दोनशेंना दाराबाहेरची वाट.

२०२३ च्या डिसेंबरात दुबईत परिषद होती. मणिपूरची बारा वर्षांची लिसिप्रिया कांगुजम थेट मंचावर धावत गेली. कोळसा-तेल जाळणं थांबवा, असं तिच्या हातातल्या फलकावर लिहिलं होतं. मंचावरच्या अधिकाऱ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि सभागृहाने वाजवल्याही. मग तिला बाहेर नेण्यात आलं. टाळ्या आणि दार, दोन्ही एकाच पाच मिनिटांत.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. तिथे पोहोचतं कोण? विमानाचं भाडं, दोन आठवडे राहण्याचा खर्च, व्हिसा, आणि मान्यता असलेल्या संस्थेकडून मिळणारं ओळखपत्र, एवढं जुळलं तर आत जाता येतं. बंद दाराआडची चर्चा बहुतेक इंग्रजीत. म्हणजे ज्यांच्या गावात पूर येतो, ज्यांची जमीन खारट होते, त्यांची मुलं घरीच राहतात आणि श्रीमंत देशांतल्या मुलांना जाणं सोपं पडतं. तरुणांच्या गटातही हा भेद आहे, आणि तरुण स्वतःच तो बोलून दाखवतात. म्हणून २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी सात तरुणांचा सल्लागार गट नेमला, त्यात ओडिशाच्या खडिया आदिवासी समाजातली अर्चना सोरेंग होती ही मोठी गोष्ट. आदिवासींचं जंगलाचं ज्ञान ही हवामानाच्या प्रश्नावरची जाणतेपणाची वाट आहे, हे ती तिथे मांडत राहिली.

मग इतक्या वर्षांत वहीत काहीच उतरलं नाही का? उतरलं. हळूहळू उतरलं.

१२ डिसेंबर २०१५ ला पॅरिस करार झाला. पृथ्वीचं तापमान कारखान्यांचं युग सुरू होण्याआधीच्या मानाने २ अंशांच्या बरंच खाली ठेवायचं आणि दीड अंशावर रोखायचा प्रयत्न करायचा, असं त्यात ठरलं. त्याच्या प्रास्ताविकात मुलांच्या हक्कांचा आणि पिढ्यापिढ्यांमधल्या न्यायाचा उल्लेख आहे. म्हणजे आजीने विहीर उपसून नातीला कोरडी देऊ नये, हे तत्त्व जगाच्या करारात लिहिलं गेलं. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेआधी इटलीतल्या मिलान शहरात जगभरातले सुमारे चारशे तरुण जमले आणि त्यांनी मागण्यांचा मसुदा मंत्र्यांपुढे ठेवला. २०२२ साली इजिप्तच्या परिषदेत मुलांसाठी आणि तरुणांसाठी पहिल्यांदा वेगळं दालन झालं. ज्या गरीब देशांचं आधीच नुकसान झालं आहे त्यांच्यासाठी निधी उभारायचा निर्णयही तिथेच झाला. त्याची मागणी लावून धरणाऱ्यांत तरुणांचे गट होते. २०२३ साली दुबईत ठरलं की परिषदेच्या दर अध्यक्षाने एक तरुण प्रतिनिधी नेमायचा. हे छोटं आहे, पण लिहिलेलं आहे. लिहिलेलं पुढच्या वर्षी दाखवता येतं.

आता सांगतो ती गोष्ट आम्हाला स्वतःला सगळ्यांत जवळची वाटते. कारण ती भाषणाची नाही. ती अर्ज लिहिण्याची, दारोदार जाण्याची आणि वही पुढे सरकवण्याची गोष्ट आहे.

पॅसिफिक महासागरात ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला वानुआतू नावाचा देश आहे. ऐंशीच्या आसपास बेटं आणि सगळी मिळून लोकसंख्या तीन लाखांच्या घरात. आपला एखादा मोठा तालुकाही याहून भरलेला असेल. २०१५ च्या मार्चमध्ये तिथे ‘पाम’ नावाचं चक्रीवादळ आलं. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दोन तृतीयांश एवढं नुकसान एका वादळाने केलं. जगाच्या हवेत जो धूर साठला आहे त्यात या देशाचा वाटा नावापुरताही नाही. केलं दुसऱ्यांनी, भरतो हा.

वानुआतूत साउथ पॅसिफिक विद्यापीठाची कायद्याची शाखा आहे. २०१९ साली तिथे वेगवेगळ्या बेटांवरून आलेले २७ विद्यार्थी एका वर्गात शिकत होते. वर्गात चर्चा निघाली की हवामान बदलाविरुद्ध कायद्याने सर्वांत मोठं असं काय करता येईल? त्यांनी ठरवलं, जगाच्या न्यायालयालाच विचारायचं. नेदरलँड्समधल्या द हेग शहरात आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, पंधरा न्यायाधीशांचं. पण तिथे तुम्ही-आम्ही जाऊ शकत नाही, विद्यार्थीही नाहीत. प्रश्न विचारायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विचारायला हवा. म्हणजे आधी जगातल्या देशांना राजी करायचं. काही वर्षांपूर्वी पलाऊ या दुसऱ्या छोट्या देशाने हा प्रयत्न करून पाहिला होता, तो पुढे सरकला नव्हता.

सत्तावीस विद्यार्थी. आपल्या दोन-अडीच गटांएवढी माणसं. त्यांनी संघटना केली आणि पॅसिफिकमधल्या देशांच्या प्रमुखांना पत्रं लिहिली. वानुआतूच्या सरकारने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. मग इतर खंडांतल्या तरुणांना जोडून घेतलं. आपापल्या सरकारला पाठिंबा द्यायला सांगा, असा निरोप देश-देश फिरला. मध्ये कोरोना आला, प्रवास बंद झाले. २०२३ च्या मार्चमध्ये, ठराव आमसभेत यायच्या ऐन महिन्यात, वानुआतूवर दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन चक्रीवादळं आदळली. तरी काम थांबलं नाही.

२९ मार्च २०२३ ला ठराव आमसभेत मांडला गेला. १३२ देश त्याचे सहप्रस्तावक होते. मतदानाची वेळच आली नाही, सर्वसंमतीने तो मंजूर झाला. न्यायालयाला विचारलेले प्रश्न साध्या भाषेत असे होते: आजच्या आणि येणाऱ्या पिढ्यांसाठी हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे का, असेल तर कोणतं? आणि ज्यांनी ते न पाळून इतरांचं मोठं नुकसान केलं, त्यांच्यावर कायद्याने काय जबाबदारी येते? मैत्रिणींनो, ‘येणाऱ्या पिढ्या’ हे शब्द आता भाषणात नव्हते, ठरावात होते.

२ डिसेंबर २०२४ पासून हेगला सुनावणी झाली. नव्वदहून जास्त देशांनी बाजू मांडली. आपल्या भारतानेही मांडली. ज्या श्रीमंत देशांनी सर्वाधिक धूर सोडला त्यांनी आधी जबाबदारी घ्यावी, ही भारताची जुनी भूमिका तिथेही होती. आणि त्या २७ जणांपैकी एक, सॉलोमन बेटांची सिंथिया हौनिउही, न्यायाधीशांसमोर उभी राहून बोलली. पंधरा वर्षांपूर्वी याच बेटांची ख्रिस्तिना कोपनहेगनला बोलली होती. तिला ऐकून घेतलं. सिंथियाच्या प्रश्नाला मात्र उत्तर देणं भाग होतं.

२३ जुलै २०२५ ला न्यायालयाने उत्तर दिलं, पंधराही न्यायाधीशांनी एकमताने. हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ती नुसती इच्छा नाही. दीड अंशाची मर्यादा डोळ्यांपुढे ठेवून प्रत्येक देशाने आपल्या कुवतीप्रमाणे कसोशीने प्रयत्न केले पाहिजेत. स्वच्छ, निरोगी पर्यावरण हा माणसाचा हक्क आहे. आणि कर्तव्य मोडून नुकसान केलं, ते सिद्ध झालं, तर भरपाईही द्यावी लागू शकते.

इथे खरं तेही सांगायला हवं. हे न्यायालयाचं मत आहे, सल्ला आहे. त्याच्या जोरावर कुणाला उद्या दंड होणार नाही. पैसे उद्या वानुआतूच्या खात्यात जमा होणार नाहीत. पण आता कुठल्याही देशातलं न्यायालय, कुठल्याही परिषदेतला लहान देश, कुठलीही मुलगी हा कागद पुढे करू शकते. सरकारी जी.आर. हातात असलेली बाई आणि नुसती विनंती करणारी बाई, कचेरीत दोघींना मिळणारी वागणूक वेगळी असते, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत?

आता हिशेबाची बाजू पाहू. सेव्हर्न बोलली त्या १९९२ साली हवेच्या दर दहा लाख कणांमागे कार्बन वायूचे साधारण ३५६ कण होते. २०२४ साली ते ४२४ वर गेले. ते वर्ष नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, सरासरी तापमान जुन्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त. बारा वर्षांची सेव्हर्न आता पंचेचाळिशीच्या आसपासची, दोन मुलांची आई आहे. तिच्या भाषणाला टाळ्या वाजवणारे कित्येक जण आज हयात नाहीत. धूर मात्र आहे. म्हणजे नुसतं ऐकून घेतल्याने काही बदललं नाही, हे आकडेच सांगतात.

मग मुलांनी बोलणं सोडावं का? मुळीच नाही. सेव्हर्न बोलली नसती तर ख्रिस्तिनाला कुणी माइक दिला नसता, आणि ख्रिस्तिनाच्या बेटावरची सिंथिया हेगपर्यंत गेली असती का, कोण जाणे. बोलणं ही पहिली पायरी. पण इतिहास पाहताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जिथे मुलांना शोभेपुरतं बोलावलं, तिथे टाळ्या उरल्या. जिथे मुलांनी आधी आपसात बैठक घेतली, मागणी लिहून काढली, सही करणाऱ्यापर्यंत ती पोहोचवली आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तिथे ओळ उरली.

या गोष्टीतून आपल्या गटांसाठी आम्ही एकच सुचवतो. पुढच्या महिला ग्रामसभेला घरातल्या दहावी-बारावीच्या लेकीला बरोबर न्या. नुसतं प्रार्थना म्हणायला किंवा पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायला नको. विहिरीचं, झाडांचं, टँकरचं काय करायचं यावर तिला विचारा. ती जे सांगेल ते पटलं तर ठरावात घ्यायला लावा, ग्रामसेवकांना म्हणावं, ही ओळ लिहा, वाचून दाखवा, मग सही करतो. आणि वर्षभराने वही उघडून त्या ओळीचं पुढे काय झालं, तेही तिलाच विचारायला लावा.

२०५० साली ती चाळिशीच्या आसपासची असेल. गावाला पाणी तेव्हाही लागेल. त्या वेळी जुनं रजिस्टर कुणी उघडलं, तर तिचं नाव हजेरीच्या पानावर तर सापडावंच, पण ठरावाच्या पानावरही सापडावं.